स्विफ्ट आहे तशी ठेवायची की केज टाकून बांधायची? मराठवाड्यातल्या नवख्या रेसरसाठी

जालना, लातूर, संभाजीनगर, कुठूनही कुणी भेटलं की प्रश्न एकच असतो. घरात जुनी स्विफ्ट किंवा पोलो आहे, थोडे पैसे साठलेत, रेसमध्ये उतरायचंय. गाडी आहे तशीच न्यायची की बांधायची? बांधायची म्हणजे आतलं सगळं काढून रोल केज (अपघातात चालकाला वाचवणारा नळ्यांचा सांगाडा), अंगाला घट्ट धरणारी बकेट सीट, हार्नेस म्हणजे रेसचा पट्टा, सस्पेन्शन आणि खिसा पुरला तर इंजिनाचं काम. मी दोन्ही केलंय. माझं मत आधीच सांगतो: पहिले दोन सीझन स्टॉक, म्हणजे आहे तशी गाडी.

बहुतेक जण हॉर्सपॉवरचा हिशेब मांडून ठरवतात. माझ्या मते आधी हे पाहावं की उद्या नियम बदलला तर तुमच्या हातात काय उरतं. स्टॉक गाडीचा वर्ग, म्हणजे ती ज्या गटात धावते तो, गेला तरी ती गाडी सोमवारी ऑफिसला नेता येते. बांधलेल्या गाडीचा वर्ग गेला, तर शेडमध्ये उभ्या असलेल्या लोखंडाला गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं.

"लिहिलेलं नाही" म्हणजे "चालत नाही"

स्टॉक आणि मॉडिफाइड या दोन वर्गांतला फरक आपल्याकडे फार ढोबळ समजला जातो. एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना, हिच्या अपेंडिक्स जे या तांत्रिक नियमावलीत ग्रुप एन, म्हणजे शोरूममधून आलेल्या गाड्यांचा जो गट आहे, त्याचं सूत्र स्पष्ट आहे: नियमात ज्याची परवानगी लिहिलेली नाही, ते सगळं मनाई. नेहमीची सर्व्हिसिंग आणि झिजलेले किंवा अपघातात गेलेले भाग बदलणं, एवढीच मोकळीक गृहीत धरलेली आहे. अमेरिकेतल्या हौशी सर्किट रेसिंगमध्येही वर्षानुवर्षं हीच म्हण चालते. त्यामुळे "एअर फिल्टरचा डबा काढू नका असं कुठं लिहिलंय?" हा युक्तिवाद स्क्रुटिनिअरिंगच्या, म्हणजे स्पर्धेआधी गाडी तपासतात त्या, टेबलावर टिकत नाही. उलट प्रश्न येतो, काढा असं कुठं लिहिलंय ते दाखवा.

बांधलेल्या गाडीच्या वर्गात परवानग्यांची यादी लांब असते, आणि म्हणून ती जास्त मोकळी वाटते. पण यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे पुढच्या वर्षी बदलू शकणारी एक ओळ. डिफरन्शियल, ईसीयू, कॅमशाफ्ट, टायरचा ठराविक ब्रँड, किमान वजन. तुमचा पैसा जितक्या ओळींवर अवलंबून, तितकी जोखीम मोठी.

टर्बोवाल्यांनी तर इथे जरा थांबावं. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाचा कारखाना असल्याने आपल्याकडे टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, गाड्यांबद्दल आपुलकी आहे, आणि मलाही आहे. पण एफआयएच्या हिशेबात टर्बो पेट्रोल इंजिनाची क्षमता 1.7 ने आणि टर्बो डिझेलची 1.5 ने गुणतात. 999 सीसीचं इंजिन कागदावर 1698 सीसी होतं, 1197 सीसीचं टर्बो 2034 च्या पुढे जातं. स्विफ्टचं साधं 1197 मात्र 1197 च राहतं. वर्गाची रेषा समजा 1600 ला असेल, तर एक लिटरची टर्बो गाडी एकदम वरच्या गटात, तिथे मुरलेल्या गाड्यांसमोर उभी राहते. ज्या स्पर्धेत उतरणार तिचा गुणक आणि तिची रेषा या दोन आकड्यांशिवाय गाडी निवडूच नये.

तारीख असलेल्या वस्तू

नियमबदल दोन प्रकारचे असतात आणि दोन्हींना एकाच तराजूत तोलू नये. पहिला प्रकार आधीच ठाऊक असतो: सेफ्टी साहित्याची मुदत. एफआयए 8855-1999 प्रमाणाच्या सीटची मुदत उत्पादनाच्या वर्षापासून पाच वर्षं, 8862-2009 च्या सीटची दहा. हार्नेसचंही असंच, जुन्या 8853/98 ला पाच वर्षं, नव्या 8853-2016 ला दहा.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका ओळखीच्याकडून बकेट सीट घेतली होती, कापड नवंकोरं, शेलला एक ओरखडा नाही. स्क्रुटिनिअरने आत डोकं घातलं, बाजूच्या चंदेरी लेबलवर अंगठा फिरवला, धूळ पुसली आणि उत्पादनाचं साल मोठ्याने वाचलं. मुदत संपून आठ महिने झाले होते. तो माणूस पुढे काही बोललाच नाही, फक्त फॉर्मवर फुली मारली. संभाजीनगरहून रात्रभर गाडी आणलेली, दोन दिवसांची रजा टाकलेली, आणि मी दिवसभर दोरीच्या या बाजूला उभा. त्या दिवसापासून सेकंडहँड सीट पाहायला गेलो की मी आधी लेबल पाहतो, मग किंमत विचारतो.

दुसरा प्रकार अचानक येतो: वर्गांची फेरमांडणी, नवा टायर, वजनात वाढ, किंवा स्पर्धेच्या आदल्या दिवशीचं बुलेटिन. सगळ्यात वर एफआयएची स्पोर्टिंग कोड, मग आपल्या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचे, म्हणजे एफएमएससीआयचे नियम, मग त्या चॅम्पियनशिपचे, मग त्या स्पर्धेच्या सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, आणि शेवटी क्रमांक व तारीख घातलेली बुलेटिन्स. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी "चालतंय भाऊ" लिहिलं, तर त्याला या उतरंडीत जागा नाही. शंका असेल तर आयोजकांना लेखी विचारा आणि उत्तराची प्रिंट गाडीत ठेवा.

स्टॉक गाडीला पहिल्या प्रकाराचा त्रास कमी आणि दुसऱ्याचा जवळपास नाही. बांधलेल्या गाडीला दोन्ही लागतात. त्यात मॉडेल बंद होण्याची भर. एफआयएच्या पद्धतीत उत्पादन थांबल्यावर सात वर्षांनी त्या मॉडेलचं होमोलोगेशन, म्हणजे स्पर्धेसाठीची अधिकृत मान्यता, संपतं. पोलोचं भारतातलं उत्पादन 2022 मध्ये थांबलं. आपल्याकडच्या प्रत्येक वर्गात तेच गणित चालतं असं नाही, पण पोलोत मोठा पैसा घालण्याआधी तुमच्या वर्गात ती किती वर्षं पात्र आहे हे विचारून घ्या.

रस्ता, आरटीओ आणि विमा

मराठवाड्यात रेस ट्रॅक नाही. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक संभाजीनगरहून हजार किलोमीटरच्या वर, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे त्याहून लांब. ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानात घड्याळाविरुद्धची शर्यत) किंवा रॅलीसाठी नाशिक-पुण्याकडे गेलं तरी गाडी घेऊन जाणं आलंच. माझ्या दृष्टीने निवडीतली हीच सर्वांत जड बाब आहे, आणि चर्चेत ती सर्वांत शेवटी येते.

स्टॉक गाडी स्वतः चालवत नेता येते. केज टाकून मागची सीट काढलेली गाडी रस्त्यावर नेणं बेकायदेशीर ठरू शकतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर 182अ खाली अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी हेल्मेट न घालता केजच्या गाडीत बसणं मला मान्य नाही. साध्या धडकेतही डोकं त्या नळीवर आपटतं. म्हणजे बांधलेल्या गाडीला ट्रेलर किंवा ट्रक हवाच, आणि तो खर्च दर स्पर्धेला.

रेसमध्ये विम्याचं संरक्षण मात्र दोन्ही गाड्यांना नाही. नेहमीच्या पॉलिसीत आयोजित रेसिंग, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल, म्हणजे गाडीच्या टिकाऊपणाच्या चाचण्या, वगळलेल्या असतात. म्हणून ज्या गाडीचे हप्ते चालू आहेत ती स्टॉक असली तरी ट्रॅकवर नेऊ नका. आणि समृद्धीवर रात्री "टेस्टिंग" करणाऱ्या पोरांना हात जोडून सांगतो, रस्त्यावर रेस लावण्याविरुद्धचं कलम 189 आहेच, पण त्याच रस्त्यावर घरी निघालेलं कुटुंब असतं. वेग बंद ट्रॅकवरच.

तिसराही रस्ता आहे, आणि तो लोक विसरतात. फॉर्म्युला एलजीबीसारख्या एका सीटच्या रेस गाडीत सीट भाड्याने घेऊन चालवायची. गाडी टीमची, नियमांची डोकेदुखी टीमची. दर वीकेंडला पैसे जास्त वाटतात, पण गाडी घरी पडून राहत नाही. तुम्हाला पान्यापेक्षा स्टिअरिंगची ओढ असेल, तर मी स्टॉकच्याही आधी हे सुचवेन.

मग बांधायची कुणी?

ज्याच्याकडे रोजची दुसरी गाडी आहे, नेण्याची सोय आहे आणि दोन सीझनची रेसिंग लाइसन्सची नोंद आहे, त्याने. जालन्यातला माझा एक मित्र त्यात बसतो. घरची मोसंबीची वाहतूक, त्यामुळे आयशर दारातच. तो गावातल्या फॅब्रिकेटरकडे गेला. तिथे उत्तर मिळालं, "भाऊ, पाइप पाइपच असतोय, उद्या भरून देतो." दाखवला तो खुर्च्या-गेटचा ईआरडब्ल्यू पाइप, लांबीभर जोडाची रेघ असलेला. केजला लागतो थंड ओढलेला सीमलेस, म्हणजे बिनजोड, पाइप, ताणशक्ती किमान 350 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. डोक्यामागच्या मुख्य कमानीला 45 बाय 2.5 किंवा 50 बाय 2 मिलिमीटर (व्यास बाय जाडी), ती कमान एकाच सलग नळीची, थंडच वाकवलेली, आणि वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट. खाली बॉडीला वेल्ड केलेली 3 मिलिमीटर जाडीची, 120 चौरस सेंटिमीटरची प्लेट.

मित्राने मला विचारलं, सुरुवात कुठून करू? मी म्हटलं, स्टीलचं गाव आहे, पाइप मिळेल. पण आधी पाइपाचं टेस्ट सर्टिफिकेट मागून घे, त्यावरचा हीट नंबर (पोलाद वितळवतानाच्या बॅचचा नंबर) नळीवरच्या नंबराशी जुळवून बघ, आणि तोवर गाडीतला एक स्क्रूही काढू नकोस.