पूर्व भागातील स्त्रियांचा समुपदेशन गट : एक अभिप्राय

सोलापूरच्या पूर्व भागात एक संस्था स्त्रियांसाठी मानसिक आरोग्याचा गट चालवते. पुढे काही तक्रारी असल्याने तिचे नाव मुद्दाम देत नाही. येणाऱ्यांत विडी कामगार बहुसंख्य, थोड्या शिक्षिका. शुल्क नाही आणि नाव नोंदवताना कारणही विचारले जात नाही, ही जमेची बाजू.

या गटाचा आराखडा अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अभ्यासावर बेतलेला आहे, याचे मला प्रथम नवल वाटले. शेरिल वूड्स-गिस्कोम्बे या संशोधिकेने अशा स्त्रियांशी बोलून २०१० साली जी 'सुपरवुमन' मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात सदैव खंबीर दिसणे, भावना गिळणे, कोणावर विसंबण्यास नकार देणे, साधने तुटपुंजी असली तरी यशाची जिद्द धरणे आणि इतरांचे आधी करणे या पाच गोष्टी येतात. समुपदेशक मॅडमनी त्या फळ्यावर लिहिताच मागून आवाज आला, "हे तर आमचंच की."

एका अक्कांनी सांगितले, की मुलगा दवाखान्यात असताना त्याच्या खाटेपाशी बसून त्यांनी पाने कापली आणि ठरलेल्या १००० विड्या वेळेवर दिल्या. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतून कात्री आणि पान कापायचा पत्र्याचा साचा डोकावत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी त्या थांबवल्या आणि विचारले, "अक्का, त्या रात्री मदतीला कोणाला बोलावलं होतं?" नणंद गावातच होती, जाऊ शेजारी; बोलावले कोणालाच नव्हते. का बोलावले नाही, यावर पुढे जे बोलणे झाले ते अन्य कोठल्याही समुपदेशनात मी ऐकलेले नाही, आणि केवळ त्यासाठी या गटाला मी वरचे गुण देईन.

उणीव वेगळीच आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांचा हा खंबीरपणा म्हणजे निव्वळ सवय नव्हे. गुलामगिरीने आणि तिच्यानंतरच्या वर्णभेदाने तो त्यांच्यावर लादला, आणि आजही दुखणे सांगितले तरी ते खरे मानले जाईल याचा भरवसा त्यांना नसतो. २०१७ साली बाळंतपणानंतर सेरेना विल्यम्ससारख्या खेळाडूलाही फुप्फुसात गुठळ्या झाल्याची शंका स्वतःच लावून धरावी लागली. २०२१ साली अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू कृष्णवर्णीयांत ६९.९, तर गोऱ्यांत २६.६ होते. गटात मात्र सवयींवरच बोलणे झाले, कारणांना कोणी हात घातला नाही. विडीची मजुरी हजारी दराने मिळते. हात थांबला की पैसाही थांबतो. अशा बाईला 'विश्रांती घ्या' म्हणणे सोपे आहे.

त्यात गटाची वेळ सकाळी अकराची, म्हणजे नेमकी कारखान्यात विड्या जमा करण्याची. निम्म्या जणी घड्याळाकडे पाहत बसतात. अनेकींची घरची भाषा तेलुगू, पण सारे कामकाज मराठीत. शिवाय खोलीचे दार उघडेच असते आणि बाहेर कार्यालयातली माणसे वावरतात, हे मला अजिबात पटले नाही.

ज्यांना ही वेळ साधत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे. तेथे मराठीप्रमाणे तेलुगूतही बोलता येते. पण टाळ्या वाजवणाऱ्या आणि मग गप्प होणाऱ्या शेजारणी फोनवर भेटत नाहीत, म्हणून गट संध्याकाळी घ्यावा आणि एक तेलुगू जाणणारी समुपदेशक नेमावी, असे मी संस्थेला लेखी कळवले आहे.