कागदी सालीचा मेपल की तीन फुलांचा?

मेपल म्हटलं की कॅनडाच्या झेंड्यावरचं पान आठवतं. बागेत लावायच्या या दोन मेपलांचं पान मात्र बेलासारखं त्रिदळ.

कागदी सालीचा मेपल म्हणजे एसर ग्रिसियम, मध्य चीनमधला. १९०१ मध्ये वनस्पती-संग्राहक अर्नेस्ट विल्सन यांनी तो इंग्लंडच्या व्हीच नर्सरीसाठी आणला. त्याची साल अक्षरशः वेड लावते: दालचिनी रंगाचे पातळ पापुद्रे सुटून वळतात आणि हिवाळ्यातलं तिरपं ऊन मागून आलं की तांबूस उजळतात. पण बिया बहुतेक पोकळ निघतात. भरलेल्याही रुजायला दोन-दोन वर्षं घेतात. म्हणूनच रोप सहज मिळत नाही आणि मिळालं तर महाग.

तीन फुलांचा मेपल म्हणजे एसर ट्रायफ्लोरम, ईशान्य चीन आणि कोरियातला. फुलं तीन-तीनच्या झुपक्यात. साल राखाडी-तपकिरी, उभ्या खरबरीत पट्ट्यांत सुटणारी. लांबून तिची मजा कळत नाही. थंडी मात्र तो जास्त सोसतो आणि पानगळीआधी असा केशरी होतो की नजर हटत नाही.

एकाच झाडापुरती जागा असेल तर मी ग्रिसियमच लावेन, कारण पानं गळल्यावरही ती साल महिनोन् महिने बघत राहावी अशी असते. कडाक्याच्या थंडीच्या गावात मात्र ट्रायफ्लोरमच. तिथे दुसरा विचार नको.