सरदाराचं घर की शेतमजुराचं? एलिझाबेथच्या इंग्लंडमधली निवड

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात (१५५८–१६०३) राहायचंच झालं, तर कुणाच्या घरी?

जेवणात सरदाराची चंगळ. चाळलेल्या गव्हाच्या पिठाचा पांढरा पाव, हरणाचं मांस, वाइन आणि साखरेचे नाना प्रकार. मजुराकडे राय किंवा जवाचा काळपट पाव, वाटाणे-कोबी घालून शिजवलेली पेज, जमलं तर चीज आणि हलकी बिअर. दात मात्र मजुराचे बरे असावेत! १५९८ मध्ये पॉल हेंट्झनर या जर्मन प्रवाशाने खुद्द राणीचे काळे दात पाहिले आणि दोष इंग्रजांच्या साखरेच्या सोसाला दिला. पण मजुराचा हेवा करू नका. १५९४ ते १५९७ सलग पिकं बुडाली, तेव्हा गरिबांचे अन्नाविना जीव गेले.

कपड्यांत मी बिनदिक्कत मजुराच्या बाजूने. तागाचा सदरा, वर जाड लोकर, झालं. सरदाराच्या गळ्याभोवती ती चुण्यांची झालर: धुवा, खळ घाला, तापलेल्या लोखंडी कांडीने एकेक चुणी बसवा, आणि पावसाचे चार थेंब पडले की मेहनत पाण्यात. शिवाय कुणी कुठलं कापड वापरायचं, हे कायदाच सांगे; जांभळं रेशीम मुख्यतः राजघराण्यापुरतं.

कायदा मजुराच्याही डोक्यावर होताच, अगदी शब्दशः. लोकरीचा धंदा टिकावा म्हणून १५७१ मध्ये ठरलं, की सहा वर्षांवरील सामान्य माणसाने रविवारी आणि सणावारी इंग्लंडमध्येच बनलेली लोकरी टोपी घालायची. नाही घातली, तर दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. सरदारांना अर्थातच सूट.