राखीव चिलर तपासायचा कसा: गीझर लावून की थेट लेझरला?

राखीव चिलर, म्हणजे लेझरला गार पाणी पुरवणारं जादा यंत्र, मृगाआधी तपासून ठेवायचा असं ठरलं, की प्रयोगशाळेत दोन मतं पडतात. एक म्हणतो, लेझरलाच जोडा, खरं काय ते तासाभरात कळेल. दुसरा म्हणतो, आधी हीटरचा खोटा भार देऊन बघू. तिसरा प्रकार म्हणजे होजची दोन टोकं एकमेकांना जोडून नुसतं पाणी फिरवणं. तो झटपट उरकतो, म्हणून बरेचजण तिथेच थांबतात. पंप फिरतो का, कुठे गळतंय का, कॉम्प्रेसर सुरू होतो का, एवढंच त्यातून कळतं. भार नसताना पाणी 20 अंशांवर नेणं मोडकळीला आलेल्या चिलरलाही जमतं. मात्र घड्याळ लावून बसलात तर इथेही एक आकडा हाती लागतो: टाकी आणि नळ्या मिळून 10 लिटर पाणी 30 अंशांवरून 20 वर यायला 7 मिनिटं लागली, तर चिलर सरासरी 1 किलोवॉट उष्णता ओढतोय.

थेट लेझरला जोडण्याचा मोह समजण्यासारखा आहे. लेझर हेडच्या, म्हणजे प्रकाश तयार होतो त्या भागाच्या, अरुंद वाटांतून पाणी किती दाबाने जातं, फ्लो कमी झाल्यावर इंटरलॉक (लेझर आपोआप बंद करणारा सुरक्षा स्विच) वेळेवर तुटतो का, तापमान किती डुलतं, हे दुसऱ्या कुठल्याही चाचणीत दिसत नाही. डायोडने पंप होणाऱ्या लेझरमध्ये हे डुलणं महागात पडतं. 808 नॅनोमीटरच्या डायोडची तरंगलांबी दर अंशामागे साधारण 0.3 नॅनोमीटरने सरकते, आणि तेवढ्याने लेझरच्या क्रिस्टलमध्ये शोषला जाणारा डायोडचा प्रकाश बदलतो.

पण पणाला काय लागतं तेही बघा. फ्लॅशलॅम्पच्या (झगमगत्या दिव्याने चालणाऱ्या) एनडी-याग लेझरमध्ये पाणी दिवा आणि क्रिस्टलच्या रॉडला खेटून वाहतं, म्हणून तिथे डीआय (क्षार काढलेलं) पाणीच लागतं. राखीव चिलरच्या टाकीत मागच्या वापराचं ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते रसायन), गंज किंवा चवथीच्या सुट्टीपासून साचून राहिलेल्या पाण्यातलं शेवाळ असेल, तर ते पहिल्याच मिनिटाला हेडमध्ये जाणार. (गोव्यातल्या ओपाच्या प्रकल्पाचं नळाचं पाणी प्यायला कितीही गोड असो, ते इथे चालत नाही.) दाबाचंही तसंच. पंप पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट प्रकारचा (वाट अडली तरी पाणी रेटत राहणारा) असेल आणि त्याचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह चुकीच्या जागी बसलेला असेल, तर ते कळण्याची जागा लेझरच्या आतली होज असू नये.

आणि मग आपली हवा. एसी 24 अंशांवर आणि आर्द्रता 50 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते ते, 13 अंशांच्या आसपास असतो. 20 अंशांचं पाणी निर्धास्त फिरवावं. जुलैत लाईट गेली, जनरेटरवर चिलर परत आला पण एसी आला नाही, दारं उघडली, की खोली बघता बघता 28 अंश आणि 85 टक्क्यांवर जाते. मग दवबिंदू 25 च्या वर. नळ्यांना घाम फुटतो तो दिसतो तरी, हेडच्या आत क्रिस्टलवर किंवा डायोडवर जमलेलं पाणी दिसत नाही. त्यामुळे थेट जोडणी मेपर्यंत उरकावी, नाहीतर एसी आणि आर्द्रतामापक दोन्ही चालू असतानाच करावी.

हीटरच्या चाचणीत बिघडलंच तर फार तर एक गीझर बिघडेल. हार्डवेअरच्या दुकानातला 2 किलोवॉटचा साधा गीझर पाण्याने भरून चिलरच्या वाटेत जोडा. पाणी गारच राहत असल्याने त्याचा थर्मोस्टॅट मध्येच तुटत नाही आणि भार सलग मिळतो. अर्थिंग आणि 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) मात्र हवाच. पाणी आणि वीज एकत्र आली की काटकसर नको. गीझरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. व्होल्टेज 230 ऐवजी 210 असेल तर 2 किलोवॉटचा गीझर 1.67 किलोवॉटच देतो, म्हणून क्लॅम्प मीटरने करंट आणि सोबत व्होल्टेज मोजा. पडताळा पाण्यावरून घ्या: मिनिटाला 4 लिटर वाहताना जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात 5 अंशांचा फरक म्हणजे साधारण 1.4 किलोवॉट.

चिलर जिथे कायम उभा राहणार तिथेच ही चाचणी घ्या, तीही दुपारी. माहितीपत्रकातली क्षमता बहुधा 25 अंशांच्या हवेत मोजलेली असते. मे महिन्यातल्या व्हरांड्यात ती मिळत नाही. समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्याने कंडेन्सरची ॲल्युमिनियमची पाती खाल्ली असतील तर आणखी कमी. माहितीपत्रकातला आकडा 60 हर्ट्झच्या विजेवरचा असेल तर आपल्या 50 हर्ट्झवर मोटर हळू फिरते आणि जवळजवळ सहावा हिस्सा तिथेच जातो. चिलर एसीच्या खोलीत ठेवणार असाल, तर 1.5 किलोवॉट भार आणि कॉम्प्रेसरची स्वतःची वीज मिळून 2 किलोवॉटहून जास्त उष्णता त्या खोलीत सांडेल. म्हणजे एक टनाच्या एसीचा निम्म्याहून अधिक दम त्यातच जाणार.

गीझरची चाचणी एका बाबतीत तोकडी पडते. त्यातलं जास्तीचं 10-15 लिटर पाणी तापमानाचं डुलणं दाबून टाकतं, म्हणून स्थिरतेचा निकाल तिच्यावरून देऊ नये.

माझं मत हीटरच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. तुमच्या लेझरच्या पॉवर सप्लायमध्ये डीआय पाण्याचं स्वतःचं बंद वर्तुळ आणि हीट एक्स्चेंजर (पाणी न मिसळता उष्णता पलीकडच्या पाण्याला देणारा भाग) असेल, तर चिलरचं पाणी हेडपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी टाकी धुऊन, फिल्टर बदलून, दाब कमाल मर्यादेच्या खाली ठेवून थेट जोडायला हरकत नाही. गीझरचा खटाटोप वाचतो. चिलरचं पाणी सरळ हेडमध्ये जात असेल तर मात्र आधी गीझरवर किमान दोन तास, मग टाकी आणि नळ्या डीआय पाण्याने धुऊन, नवीन फिल्टर घालून, लेझर न पेटवता नुसता फ्लो आणि इंटरलॉक, आणि सगळ्यात शेवटी लेझर. चिलर आडवा करून टेम्पोतून आणला असेल तर सुरू करण्याआधी एक दिवस उभा राहू द्या, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरायला.