खाणपट्ट्यातल्या माणसांनी ठेवीवरचं क्रेडिट कार्ड घ्यावं का? माझा अनुभव

मुदत ठेव तारण ठेवून मिळणारं क्रेडिट कार्ड मी वर्षभराहून जास्त काळ वापरते आहे आणि ते घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. गोव्यात साखळीच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, चवथीच्या आधी लहान मुलींचे परकर-पोलके. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत आमच्यासारखी पुष्कळ घरं आहेत, ज्यांच्या नावावर खाणींच्या काळातलं ट्रकाचं कर्ज होतं. आज त्यांना साधं क्रेडिट कार्ड मिळायला अडचण येते आणि ती का येते हे समोर बसवून कुणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यजमानांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण लिजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून काम बंद झालं, तेव्हा ट्रकाचं निम्मं कर्जही फिटलं नव्हतं. ट्रक अंगणात उभा, हप्ता मात्र चालू. पुढे काही वर्षांनी फायनान्स कंपनीशी बोलून एकरकमी तडजोड केली. येणं होतं त्यापेक्षा कमी रक्कम कंपनीने मान्य केली, आम्ही माझ्या बांगड्या मोडून ती भरली आणि 'आता काही येणं नाही' असं पत्र घेतलं. त्या कर्जात मी सहकर्जदार होते.

दुकान वाढलं तशी मला कार्डाची गरज पडायला लागली. अस्तराचं कापड, हुक, झिपा, मशीनचे सुटे भाग मी बरेचदा ऑनलाइन मागवते आणि हंगामात पैसे आधी घालावे लागतात, गिऱ्हाईकाकडून नंतर येतात. माझं चालू खातं असलेल्या बँकेत अर्ज केला. विवरणपत्रं दिली, दुकानाचा परवाना दिला. अर्ज नामंजूर. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, पण त्याच्याकडे एकच वाक्य होतं, "मॅडम, सिबिल बसत नाही." म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारा स्कोअर कमी पडतो.

इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. कार्डाचा अर्ज नाकारला तर नाकारण्याचं मुख्य कारण बँकेने लेखी कळवलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी ते मागितलं. ईमेल आला, त्यात क्रेडिट ब्युरोच्या, म्हणजे सगळ्यांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालातल्या जुन्या कर्जाचा उल्लेख होता. एवढ्याने सगळं कळत नाही, पण कुठे पाहायचं ते कळतं. कारण हातात येईपर्यंत दुसऱ्या बँकेत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाला बँक तुमचा अहवाल मागवते, त्याची 'चौकशी' म्हणून नोंद होते आणि थोड्या दिवसांत अशा चार-पाच नोंदी दिसल्या की पुढची बँक बिचकते. मॉलमधल्या स्टॉलवर 'पाच मिनिटांत कार्ड' म्हणून फॉर्म भरून घेतात, तोही अर्जच असतो. आपण स्वतः आपला अहवाल पाहिला तर मात्र स्कोअरला काहीही होत नाही. हे मी शेजारच्या दुकानदारांना अजून सांगत असते, कारण 'बघितलं की कमी होतो' हा समज फार घट्ट बसलेला आहे.

आपल्या देशात असे अहवाल देणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींकडूनही दर कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, हा नियम २०१७ पासूनचा आहे. पॅन आणि मोबाइलवरचा ओटीपी लागतो. पैसे मागणारी पानं मध्ये मध्ये येतात, तिथे घाबरून पैसे भरू नयेत, फुकटच्या वार्षिक अहवालाची वाट शोधावी. सगळं इंग्रजीत असतं. माझा मुलगा शेजारी बसला होता म्हणून निभावलं, पण गावातल्या बायकांना हे एकटीने जमणं कठीण आहे आणि हे मराठीत-कोकणीत मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अहवालात स्कोअर ३०० ते ९०० च्या मध्ये असतो. माझा ६३८ होता. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं खाली असतं. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची छोट्या चौकोनांची रांग असते, अलीकडचा महिना आधी, आणि प्रत्येक चौकोनात हप्ता किती दिवस थकला तो आकडा. मी रांग शेवटून वाचत आले. आधी ०००, ०००, ०००. मग ०३०. मग ०६०, ०९०, आणि तिथून आकडा फुगतच गेला. आमच्या घरातले ते महिने मला तारखेसकट आठवतात, कोणत्या महिन्यात मुलाची फी थांबली तेसुद्धा. सगळ्यात वर कर्जाची स्थिती लिहिली होती: 'सेटल्ड'.

आम्ही समजत होतो कर्ज मिटलं. आमच्यापुरतं ते मिटलंच होतं. पण बँकेच्या नजरेत 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेडलेलं आणि 'सेटल्ड' म्हणजे काही रक्कम बुडीत सोडून संपवलेलं. दुसरी नोंद पाहिली की कार्ड देणारा सहसा मागे सरतो, कारण कार्ड म्हणजे विनातारण उधारी. सहकर्जदार असो की जामीन, नोंद त्याच्याही अहवालात येते. तडजोडीच्या वेळी हे आम्हाला कंपनीच्या माणसाने सांगायला हवं होतं. ज्यांची तडजोड अजून व्हायची आहे त्यांनी विचारून घ्यावं, आणि झाली असेल तर उरलेली रक्कम नंतर भरून नोंद 'क्लोज्ड' करून देणार का हेही लेखी विचारावं. आमच्या बाबतीत ती रक्कम अजून आवाक्याबाहेर आहे.

मला यात खरंच एक गोष्ट खुपते. इथले ट्रक कुणाच्या आळसाने उभे राहिले नाहीत. न्यायालयाचा निर्णय लागला आणि एका दिवसात सगळ्यांचा धंदा गेला. त्या चौकोनात हप्ता का थकला याला जागाच नाही. उडवून दिलेलं कर्ज आणि खाण बंद पडल्याने थकलेलं कर्ज तिथे सारखंच दिसतं. स्कोअरची पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही, देणाऱ्याला काहीतरी माप लागतंच. पण एका अख्ख्या पट्ट्याचं उत्पन्न एकाच तारखेला थांबतं तेव्हा बँकेतल्या माणसाने अहवालाच्या पलीकडे बघायला हवं. तसं बघायला बँकेला मनाई नाही. कार्डासाठी किंवा कर्जासाठी अमुक इतका किमान स्कोअर हवाच असं रिझर्व्ह बँकेने ठरवलेलं नाही. ती प्रत्येक बँकेची आपली रेघ असते.

चारही अहवाल काढले ते बरं झालं. एकात आमचं कर्ज अजून थकीत दाखवलं होतं, बाकीसकट. मी वेबसाइटवरून तक्रार नोंदवली, तडजोडीचं पत्र जोडलं. ब्युरो स्वतःहून आकडा बदलत नाही, ज्याने कर्ज दिलं त्याला विचारतो. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. आमची नोंद मुदतीत दुरुस्त झाली.

आता कार्ड. एका बँकेच्या डिचोलीच्या शाखेत मी ३०,००० रुपयांची मुदत ठेव केली, पिग्मीत साठलेल्या पैशांतून, आणि तिच्यावर २७,००० मर्यादेचं कार्ड मिळालं. ठेव तारण असल्यामुळे उत्पन्नाचे कागद मागितले नाहीत आणि 'सेटल्ड'वरून अडवलं नाही. ठेवीवर व्याज चालू राहतं, फक्त कार्ड असेपर्यंत ती मोडता येत नाही. वार्षिक फी नाही. दुकानात, ऑनलाइन, वीजबिलाला ते इतर कार्डांसारखंच चालतं. अहवालात 'सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड' अशी नवी ओळ उघडली आणि तिच्या चौकोनांत दर महिन्याला ००० पडू लागलं. मी हे कार्ड घेतलं ते त्या शून्यांसाठी. घेण्याआधी शाखेत एवढं विचारून घ्या की या कार्डाची माहिती ब्युरोला जाते ना. जात नसेल तर काही अर्थ नाही.

फॉर्ममधली एक जागा नीट बघा. बिल खात्यातून आपोआप कापायचं असेल तर दोन पर्याय असतात, पूर्ण रक्कम किंवा किमान रक्कम. माझ्या छापील फॉर्मवर किमान रकमेपुढे आधीच खूण केलेली होती. मी ती खोडून पूर्ण रक्कम लिहिली आणि बाजूला सही केली. किमान रक्कम भरली तर थकबाकीची नोंद होत नाही हे खरं, पण उरलेल्यावर माझ्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे, म्हणजे वर्षाला ४२, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ठेवीवर सात टक्के मिळवून इथे ४२ भरायचे म्हणजे घरच्या विहिरीतलं पाणी भोकाच्या घागरीने काढणं. कार्डाने एटीएममधून रोख तर काढूच नये, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

चवथीच्या आधीच्या महिन्यात अस्तर आणि काठ मागवताना मर्यादेतले बावीस हजार वापरले गेले. बिल वेळेवर पूर्ण भरलं, तरी त्या वेळी स्कोअर थोडा खाली आला, कारण मर्यादेच्या किती भाग वापरला हेही पाहतात. सर्वसाधारणपणे तीस टक्क्यांच्या आत राहावं म्हणतात. दुकानदाराला हंगामात ते अशक्य आहे. मग मी बिल तयार व्हायच्या तारखेआधीच बरीचशी रक्कम भरायला लागले, म्हणजे बिलावर, आणि तिथून अहवालात, छोटा आकडा जातो. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्यातून किमान दोनदा पाठवावी लागते, त्यामुळे फरक लवकर दिसतो. मध्यंतरी पुन्हा अहवाल पाहिला तेव्हा स्कोअर ७०६ होता. जुनी ओळ तिथेच आहे, पण तिच्या वर आता नवी, स्वच्छ ओळ आहे.

माझ्या भाचीचं प्रकरण वेगळं होतं. वेर्ण्याला नोकरीला लागली, पूर्वीचं कर्जच नाही, त्यामुळे स्कोअरही नाही. अशा मुलामुलींना इतिहास नाही एवढ्याच कारणावरून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे. तिला पगाराच्या खात्यावर साधं कार्ड मिळालं. ठेव अडकवायची तिला गरज नव्हती.

ज्यांच्या घरात ती ठेवच आजारपणासाठी राखलेली एकमेव रक्कम आहे, त्यांनी हे कार्ड घेऊ नये. ऐन वेळी कार्ड बंद करून ठेव मोकळी करण्यात दिवस जातात. बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, पण त्याआधी सगळी बाकी भरलेली असावी लागते. आणि बिल थकलं तर बँक ठेव मोडून वसूल करते, शिवाय थकल्याची नोंद जाते ती जातेच.

ठेवीची मुदत संपली तेव्हा मी रक्कम वाढवून पन्नास हजार केली. कार्डाची मर्यादा आपोआप वाढली नाही, शाखेत वेगळा अर्ज द्यावा लागला आणि नव्या ठेवीच्या पावतीची प्रत जोडावी लागली. तुम्ही वाढवणार असाल तर दोन्ही कागद एकाच खेपेला घेऊन जा.