रंगीत स्ट्रॉबेरीच्या बियांची पाकिटे: पिवळी घ्या, निळी राहू द्या

ऑनलाइन बियाणे विकणाऱ्यांकडे स्ट्रॉबेरीची पाकिटे हल्ली पाच-सहा रंगांत मिळतात. निळ्या रंगाचा निकाल आधी लावून टाकू: निळी स्ट्रॉबेरी जगात कुठेच पिकत नाही, फोटोतला रंग संगणकावर भरलेला असतो. गडद मरून फळांच्या जाती आहेत, पण कोळशासारखी काळी एकही नाही. अशा पाकिटातले बी उगवलेच तर फुलाकडे बघा. फूल पिवळे असेल तर ती स्ट्रॉबेरीच नव्हे, तिच्यासारखे दिसणारे बेचव फळ देणारे सरपटणारे रानरोप आहे. या पाकिटांना गुण शून्य.

पांढऱ्या 'पाइनबेरी'चे प्रकरण जरा वेगळे. फळ खरे आहे, पाकीट फसवे. आपण खातो ती मोठी स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिलीच्या आणि उत्तर अमेरिकेच्या जातींच्या संकरातून आली. तिच्या बियांतून आईसारखे रोप येत नाही, दर रोप वेगळे निघते. म्हणूनच वाई-महाबळेश्वरकडच्या रोपवाटिका बी पेरत नाहीत, मातृरोपाच्या रनरवर (जमिनीवर सरपटत मुळे धरणाऱ्या फांदीवर) रोपे वाढवतात. 'व्हाइट कॅरोलिना' किंवा 'व्हाइट डी' हवी असेल तर जिवंत रोपच घ्या आणि शेजारी एक फुलणारे लाल रोप ठेवा, फळधारणा सुधारते. फळ पांढरेच राहते, त्यामुळे तोडणी बियांवरून ठरवायची: बिया लाल झाल्या की फळ तयार. 'मारा दे ब्वा'चे बी कुणी विकत असेल तर तेही सोडा, ती फ्रेंच जातसुद्धा रनरवरच टिकते.

पैसे वसूल करणारे पाकीट एकच, पिवळ्या अल्पाइनचे, 'यलो वंडर' किंवा तत्सम. ही युरोपातल्या रानस्ट्रॉबेरीची जात. तिच्या बियांतून आईसारखीच रोपे येतात, आणि रनर जवळजवळ फुटत नसल्याने कुंडीत गर्दी होत नाही. फळ बोटाच्या पेराएवढे, मऊ, वास मात्र भरपूर. बाजारी स्ट्रॉबेरीचा आकार डोक्यात ठेवून घेणाऱ्याची निराशा होईल. लाल रंग नसल्याने बुलबुल सहसा फिरकत नाहीत, हा गच्चीवरचा मोठा फायदा.

पाकिटामागच्या सूचना बहुतेक वेळा अपुऱ्या असतात. 'अर्धा सेंटिमीटर खोल पेरा' असे छापलेले असेल तर ते मनावर घेऊ नका, या बियांना उगवायला उजेड लागतो. ओलसर टिश्यूत बी गुंडाळून झिपच्या पिशवीत तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. मग ओल्या कोकोपीटवर पसरून बोटाने नुसते दाबा, वर माती नको. पारदर्शक झाकण, थेट ऊन टाळून भरपूर उजेड, आणि पाणी फवारणीनेच. उगवण दोन ते चार आठवड्यांत, तीही मागेपुढे, त्यामुळे ट्रे लवकर फेकून देऊ नका. तीन खरी पाने (पहिल्या दोन बीजदलांनंतरची) आली की सहा इंची कुंडीत हलवा. गड्डा, म्हणजे पाने जिथून फुटतात तो बुंधा, मातीच्या पातळीवरच हवा: खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर सुकतो.

पुण्या-नाशिकच्या हवेत वेळापत्रक चुकले की सगळे चुकते. पेरणीपासून फळाला चार-पाच महिने लागतात. ऑक्टोबरात पेरले तर फळे यायला लागतात तोच उन्हाळा सुरू होतो आणि तिशीच्या वर पारा गेला की रोप फळ धरणे सोडते. म्हणून बी ऑगस्टमध्ये फ्रिजात, सप्टेंबरच्या सुरुवातीला ट्रेमध्ये. फेब्रुवारीअखेर ५० टक्क्यांची शेडनेट. पावसाळ्यात कुंड्या छपराखाली, नाहीतर गड्डा सडतो.

मिश्रणासाठी कोकोपीट ४ भाग, गांडूळखत ३, भाताचे तूस ३. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन घ्या. त्यातल्या मिठाने पानांच्या कडा जळतात, आणि दोष बियांच्या माथी येतो. बोअरच्या जड पाण्यावर कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर ती लोहाची कमतरता. नेहमीचे ईडीटीए चिलेट (लोह विरघळलेले ठेवणारे खत) अशा पाण्यात फारसे लागू पडत नाही. ईडीडीएचए प्रकारचे घ्या, लिटरला १ ग्रॅम, मुळाशी. फळ वेडेवाकडे येत असेल तर परागीभवन अर्धवट झालेले असते, कारण ज्या बियांपर्यंत पराग पोचत नाही तिथला गर फुगत नाही. सकाळी उशिरा मऊ ब्रश फुलांवरून फिरवला की पुरते. मार्चमध्ये पानाखाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी आला. आधी पानाखालून पाण्याचा जोरदार फवारा, मग संध्याकाळी लिटरला ५ मिली नीमतेल, थोड्या द्रव साबणासह.

पिवळ्या पाकिटाला पाचपैकी चार. एक गुण कापला तो छापील सूचनांसाठी. घेताना पॅकिंगची तारीख बघा, जुने बी फार कमी उगवते. आणि दोन-चार फळांसाठी वाटी घेऊन बसू नका: मूठभर अल्पाइन हवी असतील तर निदान दहा-बारा रोपे लावावी लागतात.