विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर: दिवसभर बातम्यांत बसणाऱ्या बाईचा रिव्ह्यू

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. मी एका न्यूज पोर्टलच्या डेस्कवर काम करते, म्हणजे युक्रेन, गाझा, मणिपूर, निवडणुका, पूर, नोकरकपात हे सगळं दिवसभर माझ्या स्क्रीनवरून जातं आणि प्रत्येकाला पाच मिनिटांत हेडिंग द्यायचं असतं. हळूहळू असं व्हायला लागलं की घरी आल्यावरही हात फोनकडेच, रात्री जाग आली की आधी अलर्ट बघायचे आणि फॅमिली ग्रुपवर कोणी काही फॉरवर्ड केलं की छातीत धडधड सुरू. जग थांबणार नाहीये हे मला माझ्या कामामुळे इतरांपेक्षा जरा जास्तच माहितीये, म्हणून स्वतःचंच काहीतरी करावं असं ठरवलं आणि सत्यनारायण गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं विपश्यना ध्यानाचं शिबिर केलं. मी केलं त्या केंद्राचं नाव देत नाही. इगतपुरीचं धम्मगिरी घ्या नाहीतर पुणे, नाशिक, नागपूरचं, टाईमटेबल आणि शिकवणं सगळीकडे एकच असतं.

आधी रुटीन. पहाटे ४ ला घंटा, साडेचारला ध्यान, साडेसहाला नाश्ता, ११ ला जेवण, संध्याकाळी ५ ला चहा आणि पहिल्यांदा आलेल्यांना चुरमुरे-फळ, ७ ला रेकॉर्ड केलेलं प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. मधला सगळा वेळ बसायचं, दिवसाचे साधारण दहा तास. फोन, पुस्तक, वही, पेन सगळं पहिल्या दिवशी जमा. बोलायचं नाही, खाणाखुणासुद्धा नाहीत, ह्याला आर्य मौन म्हणतात आणि ते दहाव्या दिवशी सकाळी सुटतं. बायका-पुरुष वेगळे. ध्यानात काही अडलं तर सहायक आचार्यांना, म्हणजे शिबिर घेणाऱ्या शिक्षकांना, दुपारी भेटता येतं आणि राहण्याजेवणाच्या अडचणी धम्मसेविकेला, म्हणजे शिबिरात सेवा करणाऱ्या बाईंना सांगायच्या.

लोकांना वाटतं मौन अवघड असेल, मला ते सगळ्यात सोपं गेलं. अवघड होते पहिले तीन दिवस. त्यात फक्त आनापान, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, मोजायचा नाही, नाम घ्यायचं नाही, फक्त बघायचा. दोन श्वास झाले की माझं डोकं हेडिंगं लिहायला लागायचं, खरंच, जुन्या बातम्यांची हेडिंगं, दोन वर्षांपूर्वीच्या अपघाताची, एका बॉम्बहल्ल्याच्या फोटोची ज्याला कॅप्शन देऊन मी पुढच्या बातमीकडे वळले होते. तेव्हा कळलं की हे सगळं वाचून पुढे गेलेलंच नाहीये, आतच साठलंय. एका दुपारी खूप रडू आलं, कारण सांगता येत नव्हतं आणि कोणाला सांगायचंही नव्हतं, तशीच बसून राहिले.

चौथ्या दिवशी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत शरीरात काय जाणवतंय ते बघत जायचं, खाज, उष्णता, दुखणं, मुंग्या, जे असेल ते, आणि त्यावर काही करायचं नाही. तिथून पुढे दिवसातून तीनदा अधिष्ठानाची बैठक, म्हणजे एक तास हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. माझा उजवा गुडघा असा पेटायचा की आता तुटतोच असं वाटायचं. पण मग एकदा लक्षात आलं की दुखणं एक आहे आणि "हे आता थांबलंच पाहिजे" ही जी आतली धावपळ आहे ती वेगळी आहे, आणि ती धावपळ ओसरली तर दुखणं तितकं मोठं राहत नाही, मधेच बदलतं, सरकतं, जातंही. मला ह्या शिबिरातून मिळालं ते एवढंच, पण ते कुठल्याही मोटिव्हेशनल व्हिडिओतून मिळालं नव्हतं.

गुरुजींची स्वतःची गोष्ट इथे सांगायलाच हवी. मंडालेत जन्मलेले व्यापारी, अर्धशिशीने इतके हैराण की मॉर्फिन घ्यावं लागायचं, त्यासाठी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ते बर्मा सरकारचे अकाउंटंट जनरल होते, फक्त डोकेदुखीसाठी येत असशील तर घेणार नाही असं त्यांनी आधी सांगितलं, १९५५ मध्ये गुरुजींचं पहिलं शिबिर झालं. पुढे १९६२ ला लष्कराने सत्ता घेतली, उद्योगधंदे सरकारजमा झाले, त्यांचेही गेले. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि त्यांनी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. म्हणजे ही विद्या आपल्यापर्यंत आणणाऱ्या माणसाचं जगही एका रात्रीत उलटंपालटं झालं होतं, आणि ह्याच कारणासाठी मी त्यांचं ऐकायला तयार झाले. "ही पळवाट आहे" म्हणणाऱ्यांना मी दिल्लीच्या तिहार तुरुंगाचं उदाहरण देते, १९९४ मध्ये तिथे सुमारे हजार कैद्यांचं शिबिर झालं. पळून जायला जागाच नाही तिथेही लोक हे करतात.

आता फरक काय पडला. बातम्या तशाच आहेत. परत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक भयानक व्हिडिओ आला, पोट आवळलं, कान गरम झाले, पण ह्यावेळी ते आधी जाणवलं आणि मग हात हलला. व्हिडिओ पूर्ण बघितला, तारीख तपासली, जुना निघाला, दुसऱ्याच राज्यातला. पूर्वी घाईत लावून टाकला असता असं म्हणत नाही, पण तपासताना जी घालमेल व्हायची ती कमी झालीये. दिरांशी निवडणुकीवरून होणारे वादही, मत मी अजून मांडते, आवाज चढत नाही. दुःख कमी झालेलं नाही हेही सांगते, गाझातल्या मुलांचे फोटो बघून अजूनही गलबलतं, आणि ते तसंच राहावं अशी माझी इच्छा आहे. बोथट व्हायला मी गेलेच नव्हते.

न पटलेल्या गोष्टी पण आहेत. प्रवचनात संस्कार, म्हणजे मनावर उमटलेले ठसे, जन्मोजन्मी साठत जातात असं येतं, ते मला पटलेलं नाही आणि ते न पटताही ध्यान करता येतं. सहायक आचार्यांचं उत्तर बहुतेक वेळा "समता ठेवा (म्हणजे मन डळमळू देऊ नका), काम करत राहा" इथेच संपायचं, जास्त घाबरलेल्या माणसाला तेवढं पुरत नाही. आमच्या शिबिरातून एक मुलगी मधेच घरी गेली, तिला झोपच लागत नव्हती. म्हणून कळकळीने सांगते, मानसोपचार चालू असतील किंवा आधी कधी मोठा त्रास होऊन गेला असेल तर फॉर्ममध्ये खरं लिहा, आपल्या डॉक्टरांना विचारा आणि गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. आणि घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा म्हणतात, ते नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सांभाळून कठीण आहे. सकाळचा तास मी सोडत नाही, संध्याकाळचा बहुतेक राहतो.

फी नाही, राहण्याजेवणाचे पैसे घेत नाहीत, शिबिर पूर्ण केल्यावर वाटलं तर दान द्यायचं. जेवण साधं, शाकाहारी, पोटभर. बुकिंग ऑनलाईन, जागा भराभर भरतात म्हणून सुट्टीच्या बरंच आधी फॉर्म टाका. दहा दिवस म्हणत असले तरी आदल्या दिवशी पोचावं लागतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटतात, रजा तशी मागा. सैल कपडे, शाल, टॉर्च आणि साधं घड्याळ घ्या, गुडघ्याचा त्रास असेल तर पहिल्याच दिवशी खुर्ची मागून घ्या, देतात.